बिनझाकणाची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. बरणी म्हटल्यावर तुम्हांला कैरीचं लोणचं आठवलं असेल, तर ते आधी विसरा. माझ्या पोटात आजवर लोणचं पडलेलं नाही, मुरांबा नाही, साधं मीठसुद्धा नाही. माझ्या पोटात पडते ती धूळ, आणि ती पडावी म्हणूनच मला घडवलं आहे. कॉलेजच्या कागदांवर माझं नाव 'धूळपात्र' असं लिहिलेलं आहे. नाव मोठं भारदस्त आहे, पण त्या नावाने मला आजपर्यंत कुणी हाक मारलेली नाही.

मला झाकण नाही. हरवलं नाही, कधी नव्हतंच. ज्या कारखान्यात मी घडले तिथे शेजारच्या बरण्यांना एकेक झाकण मिळालं. आम्हा बारा जणींना मिळालं नाही. तेव्हा मी हिरमुसले होते. पुढे कळलं की आमचं कामच उघडं राहण्याचं आहे. वरून जे पडेल ते घ्यायचं, आणि कुणी विचारलं की जेवढं पडलं तेवढंच सांगायचं. रतीभर कमी नाही, रतीभर जास्त नाही. या एका गोष्टीचा मला फार गर्व होता. 'होता' म्हणते, कारण पुढची हकीकत तशी आहे.

कारखान्यातून मी धुळ्याला आले, देवपूरमधल्या एका कॉलेजात. प्रयोगशाळेच्या कपाटात आम्हांला मांडलं आणि कुलूप लावलं. त्या कपाटात माझी नऊ वर्षं गेली. वर्षातून एकदा तपासणीला पाहुणे येत. तेव्हा आम्हांला पुसून पुढच्या रांगेत ठेवत आणि पाहुण्यांची पाठ वळली की पुन्हा मागे सारत. धूळ कपाटावर बसायची, कपाटात नाही. काचेच्या दारातून मी ती वरून ओघळताना पाहायची आणि हात चोळत बसायची, म्हणजे मला हात असते तर चोळले असते. आमच्यातल्या तिघी फुटल्या. एकीत कुणीतरी बाटल्या धुण्याचे ब्रश खोचून ठेवले. तिचं पाहून तर माझी पाचावर धारण बसली, कारण आपलंही असंच होणार हे मला दिसत होतं.

आणि मग एका फेब्रुवारीत मोहिनी आली. पर्यावरणशास्त्र शिकणारी ही मुलगी, अंगाने काटकुळी आणि बोलायला घाईची. तिने कपाटाची किल्ली मागून आणली, आम्हा सगळ्यांना एकेक करून उजेडात धरलं आणि मला निवडलं. माझ्यात काय वेगळं दिसलं हे तिलाच ठाऊक. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण जन्माला आलो आहोत.

मोहिनीने मला जुन्या साडीत गुंडाळून बसने चिंचदरला नेलं. चिंचदर हे महामार्गालगतचं, धुळ्यापासून तासाभरावरचं गाव. गावाच्या डोक्यावर टेकडी आहे आणि टेकडीवर दोन खडी क्रशर आहेत. सुरुंग लावून धोंडे काढायचे, मशीनच्या जबड्यात टाकायचे, खडी करून ट्रकने पाठवायची, असं तिथे सकाळी आठपासून चालतं. खडी रस्त्यांना जाते आणि तिचं पीठ गावात येतं. कडुनिंबाची पानं तिथे हिरवी नसतात, राखाडी असतात. दोरीवर वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी झटकलं की पुन्हा धुवावंसं वाटतं. भाकरीचा घास चावला की दाताखाली कच्च होतं. ही कचकच गावाला इतकी सवयीची झाली होती की पाहुणे जेवायला थांबले म्हणजेच ती आठवायची.

गावातलं शेवटचं घर, अगदी टेकडीच्या पायथ्याचं, यशोदाबाईंचं. दोन खोल्या, वर स्लॅबची गच्ची. यशोदाबाई साठीच्या, गुटगुटीत, कामाला वाघ. त्यांचे यजमान झुलाल आबा. आबांनी चौदा वर्षं त्याच क्रशरवर धोंडे टाकले होते आणि आता त्यांना ओट्यावरून चुलीपर्यंत यायचं तरी मध्ये एकदा भिंतीला टेकावं लागे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धुळीपासून लांब राहा. म्हणून यशोदाबाईंनी आबांच्या खोलीच्या दोन्ही खिडक्यांत गोणपाटं ठासून भरली होती. उन्हाळ्यातसुद्धा. त्या अंधाऱ्या, कोंदट खोलीत आबा दिवसभर पडून असत आणि टेकडीवरची मशीन किती वाजता सुरू झाली, किती वाजता थांबली, एवढंच ऐकत असत.

आता त्या टेकडीवर तिसरी मशीन येणार होती. तीही यशोदाबाईंच्या घरामागच्या माळावर, हाकेच्या अंतरावर. त्यासाठी परवानगीचा अर्ज गेला होता आणि एप्रिलमध्ये धुळ्याला त्याची सुनावणी होती. गावाने हरकत घेतली, तर कार्यालयातून विचारणा झाली की धूळ फार आहे याला पुरावा काय. यशोदाबाईंचं म्हणणं साधं होतं, की आमचे आबा हाच पुरावा. पण माणूस कागदाला जोडता येत नाही. डोळ्यांना दिसणारी धूळ कागदावर चढायची तर तिचं वजन लागतं. ते वजन करण्यासाठी मला आणलं होतं. तिसरी मशीन आली तर आबांना ते घर सोडावं लागणार होतं, आणि त्यांना जायला दुसरं घर नव्हतं. हे मला मोहिनीने नाही सांगितलं. गच्चीवर ती आणि यशोदाबाई बोलत होत्या ते मी ऐकलं.

मोहिनीने गच्चीच्या कडेला लोखंडी तिवई उभी केली आणि तिच्या कड्यात मला बसवून चारी बाजूंनी स्क्रू आवळले. मला हलता येईना की वळता येईना. पक्षी बसू नयेत म्हणून माझ्या भोवती तारेचं एक मोठं कडं लावलं. मग माझ्यात शुद्ध पाणी ओतलं आणि वर निळसर खड्याची चिमूट टाकली.

यशोदाबाई वाकून बघत होत्या. "मोरचूद टाकेल शे का?" त्यांनी विचारलं. शेतात वापरलेली वस्तू, त्यांनी बरोबर ओळखली.

"हो अक्का. महिनाभर पाणी राहणार ना, शेवाळ धरू नये म्हणून," मोहिनी म्हणाली. ती निघायच्या घाईत होती. बसची वेळ झाली होती. जिना उतरता उतरता तिने सांगितलं, "अक्का, हिला जपा हं. हिच्यात काडी-कचरा काही पडू देऊ नका. सगळं हिच्यावर आहे."

"तू काही चिंता करू नको, पोरी," यशोदाबाई म्हणाल्या. "मी तिले लेकरूसारखी सांभायसू."

मित्रांनो, मोहिनीच्या मनात काडी-कचरा म्हणजे वाळकी पानं, पिसं, किडे. पण ज्या बाईचा अर्धा जन्म धूळ झाडण्यात गेला, तिला जगात कचरा म्हणून एकच गोष्ट माहीत होती. त्यातून ती चांगल्या घरची सुगरण. पाण्याचं भांडं तोंड उघडं टाकून ती कधी खाली उतरली नव्हती. तिच्या आईने तिला तसं वळणच लावलं नव्हतं.

पहिल्या दिवशी दुपारी टेकडीवरून राखाडी लोट निघाला. मी सज्ज झाले. नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली ते येत होतं. तेवढ्यात जिन्यात धपधप पावलं वाजली, यशोदाबाई धावत वर आल्या, आणि ओलं पांढरं फडकं माझ्या तोंडावर टाकून त्यांनी त्याला सुतळीने गच्च गाठ मारली. "बस आते सुखनी," म्हणजे आता सुखाने बस, असं मला म्हणाल्या आणि खाली गेल्या.

अंधार झाला. फडक्यावर बारीक बारीक धूळ पडत होती आणि तिचा सूं सूं आवाज मला आतून ऐकू येत होता. मी उघडी राहण्यासाठी जन्मलेली, आणि मला कुणी डोळे बांधून कोपऱ्यात उभं केल्यासारखं झालं. संध्याकाळी मशीन थांबली, हवा निवळली, तशा यशोदाबाई वर आल्या. गाठ सोडली, फडकं झटकलं, बादलीत दोनदा पिळून धुतलं आणि दोरीवर टाकलं. माझ्यात डोकावून पाहिलं. पाणी निळंशार, स्वच्छ. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला रागवायलाही जमेना.

असे एकोणतीस दिवस गेले. दुसऱ्या दिवसापासून तर फडकं सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधीच बसू लागलं. तिसऱ्या दिवसापर्यंत मला वाटायचं, आज विसरतील. पण त्या विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या. एकदा त्यांना ताप होता, तरी कपाळाला पट्टी बांधून सकाळी वर आल्या. एकदा नात्यातलं लग्न होतं, तर त्या दिवशी पहाटेच फडकं बांधून गेल्या. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर मी उघडी असे, म्हणजे जेव्हा पडायला काहीच नसे तेव्हा. मला ओरडून सांगावंसं वाटे, की बाई, मला वाचवू नका, माझं काम करू द्या. पण काचेला आवाज फुटतो तो एकदाच, आणि तो फुटल्यावर काही उपयोग नसतो.

खालच्या खोलीत आबा गोणपाटाआड कोंडलेले आणि वर मी फडक्याआड. आम्हा दोघांनाही त्याच हातांनी कोंडलं होतं आणि त्या हातांत मायेशिवाय काही नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून तर जास्त गुदमरायला होई.

महिना भरला. मोहिनी आली, माझ्यातलं पाणी तिने बाटलीत भरून नेलं, देवपूरच्या प्रयोगशाळेत आटवलं आणि उरलं ते तोललं. जवळजवळ काहीच नव्हतं. तिने दोनदा तोललं, काट्याची तपासणी करून घेतली. तिच्या सरांनी सांगितलं, आकडा आला तो आला, आपण त्याच्याशी भांडायचं नाही. हे सर भले माणूस होते आणि त्यांचं तत्त्व माझंच तत्त्व होतं. आकडा फायलीत गेला.

सुनावणीला मोहिनी मलाही घेऊन गेली, दाखवायला म्हणून. धुळ्याच्या एका सरकारी इमारतीतली लांबट खोली, वर गरगरणारे पंखे, समोर टेबलामागे साहेब. क्रशरकडून मुनीम आला होता, सफारी घातलेला, मऊ बोलणारा. गावाकडून आठ-दहा माणसं आणि यशोदाबाई. आबांना येणं शक्य नव्हतं.

मुनीमाने अहवालाचा कागद उचलला. "साहेब, हे आमचं मोजमाप नाही. गावानेच बोलावलेल्या कॉलेजचं आहे. गावातल्या सगळ्यांत जवळच्या घरावरचं आहे. त्यात धूळच नाही. मग ही मंडळी कशाबद्दल तक्रार करतात?"

खोलीत कुजबुज झाली. गावकरी एकमेकांकडे पाहू लागले. मी टेबलावर उभी होते आणि माझ्या अंगातून सगळ्यांना आरपार दिसत होतं, आणि लपायला जागा नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी विचारलं होतं आणि मी खोटं बोलले होते.

साहेबांनी चष्मा काढला. "ही बरणी ज्यांच्या घरी होती, त्या आल्या आहेत का? आजी, भांडं नीट सांभाळलं होतं ना?"

यशोदाबाई उभ्या राहिल्या. पदर नीट केला. आपल्यावर टाकलेलं काम आपण चोख केलं हे सांगायची वेळ आली, याचा त्यांना आनंद झाला होता. "हो सायेब. डोयामा तेल घालीसन सांभायी. रोज दिनभर वल्लं फडकं बांधी ठेवं. एक कन पडू दिधा नही मी."

कुणी हसलं नाही. मुनीमाची मान खाली गेली. मोहिनीने दोन्ही हात तोंडावर ठेवले. यशोदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. आपण काय केलं हे त्यांना कळायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ त्या तशाच उभ्या होत्या. मग खाली बसल्या आणि हळू आवाजात शेजारच्या बाईला म्हणाल्या, "मी मना हातघाई आबाना गया दाबा." म्हणजे मीच माझ्या हाताने आबांचा गळा दाबला.

पण मित्रांनो, त्या बाईच्या खरेपणानेच त्या दिवशी वाचवलं. त्या गप्प बसल्या असत्या तर माझा खोटा आकडा कायमचा खरा ठरला असता. साहेबांनी लिहिलं, की मोजणी सदोष झाली आहे, ती पुन्हा व्हावी, आणि तोवर तिसऱ्या मशीनचा निर्णय राखून ठेवावा.

मी पुन्हा गच्चीवर आले, पुन्हा कड्यात बसले, पुन्हा स्क्रू आवळले गेले. या वेळी मोहिनीने सगळं सावकाश, दोनदा समजावलं. यशोदाबाई मान डोलवत राहिल्या. पहिल्या दुपारी त्या वर आल्या तेव्हा हातात फडकं नव्हतं. माझ्यापासून चार हातांवर बसल्या आणि हात मांडीखाली दाबून धरले, नाहीतर ते आपसूक पुढे आले असते. मी टेकडीकडे पाहत होते. त्याही पाहत होत्या. आता धूळ यावी, भरपूर यावी, असं त्यांना मनापासून वाटत होतं आणि असं वाटण्याची त्यांना लाजही वाटत होती.

धूळ आली नाही. टेकडीवर पाण्याचा टँकर उभा होता. दोन माणसं नळी धरून खडीच्या ढिगांवर पाणी मारत होती. वाहत्या पट्ट्यावर पत्र्याचं आच्छादन चढलं होतं. मुनीम क्रशरच्या ओट्यावर उभा राहून मधूनमधून आमच्या गच्चीकडे मान वळवत होता. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्यानेही तेच. सुनावणीने त्यांना कळलं होतं की गच्चीवर एक उघडं तोंड आहे, आणि ते आता झाकलं जाणार नाही.

माझी मोठी पंचाईत झाली. पहिल्या महिन्यात धूळ होती आणि मी झाकलेली होते. दुसऱ्या महिन्यात मी उघडी होते आणि धूळ नव्हती. माझ्या नशिबी रिकामं राहणंच लिहिलं होतं. पण तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट घडली. आबा चुलीपाशी जेवायला बसले होते. पहिला घास चावून ते थांबले, दुसरा चावला आणि म्हणाले, "आज भाकरमा कचकच नही लागनी."

यशोदाबाईंनी तव्यावरची भाकरी उतरवली. हाताचं पीठ पुसून उठल्या आणि आबांच्या खोलीत गेल्या. एका खिडकीतलं गोणपाट त्यांनी ओढून काढलं. मग दुसऱ्या खिडकीतलं. कितीतरी वर्षांनी त्या खोलीत उजेड शिरला. आबा दारात उभे राहून आपल्याच खाटेकडे परक्या माणसासारखे बघत होते. त्या दुपारी ते उघड्या खिडकीखाली झोपले आणि खोकल्याशिवाय झोपले. वर तिवईवर मला त्यांच्या घोरण्याचा आवाज येत होता. मी इतका चांगला आवाज पूर्वी ऐकला नव्हता.

महिना भरल्यावर मोहिनी आली, माझ्यात डोकावली आणि हातातली बाटली खाली ठेवून बसली. "अक्का, याही वेळी कमीच येणार. ते पाणी मारताहेत म्हणून. मी हा आकडा पाठवला तर तिसऱ्या मशीनला परवानगी मिळेल. आणि न पाठवून कसं चालेल?" तिला रडू येत होतं.

यशोदाबाईंनी तिला पाणी दिलं. मग म्हणाल्या, "तू खोटं लिखू नको. पन बठ्ठं लिख. जवलोंग भांडं शे, तवलोंग त्या पानी मारतस. पानी मारतस म्हनीसन धूय कमी शे. इतलंच लिख."

मोहिनीने तसंच, बठ्ठं म्हणजे सगळं लिहिलं. मोजणी चालू असताना पाणी मारलं जातं आणि धूळ कमी होते, तेव्हा एका महिन्याने काही ठरवू नये, मोजणी पुढे चालू ठेवावी, ती चालू असेपर्यंत तिसऱ्या मशीनला परवानगी देऊ नये. साहेबांना ते पटलं. फायलीवर शेरा पडला: मोजणी चालू.

तो शेरा म्हणजे माझी जन्मठेप. पहिल्या वर्षी मोहिनी दर महिन्याला यायची, पाणी न्यायची, आकडा लिहायची. मग तिचं शिक्षण संपलं आणि नाशिकला नोकरी लागली. निघताना ती मला कपाळ टेकवून गेली. तिच्या सरांची निवृत्ती झाली. पुढचा विद्यार्थी येईपर्यंत मोजणी चालू आहे असं समजावं, असं पत्र कॉलेजकडून गेलं, आणि पुढचा विद्यार्थी काही आला नाही. माझ्यातलं पाणी आटलं. मोरचुदाचा निळा डाग तळाशी राहिला. आता यशोदाबाई स्वतःच विहिरीचं पाणी आणून माझ्यात ओततात, लांबून भरलेली दिसावी म्हणून. टेकडीवर टँकर रोज येतो.

अजून एक सांगायचं राहिलं आहे, आणि ते सांगायला मला जड जातं.

गेल्या मे महिन्यात टेकडीवर मोठा सुरुंग उडाला. सगळं घर थरथरलं. हादरा तिवईतून माझ्या अंगात शिरला आणि माझ्या बुडापासून वर तीन बोटं तडा गेला. पाणी ठिबकत ठिबकत गच्चीवर पसरलं. यशोदाबाई वर आल्या, ओल्या फरशीकडे पाहिलं आणि माझ्या अंगावरून बोट फिरवलं. आबाही एकेक पायरी चढत, दम घेत, मागून आले. मी इथे आले तेव्हा त्यांना हा जिना चढता आला नसता.

"फुटनी का?" आबांनी विचारलं.

"चूप ऱ्हावा," यशोदाबाई म्हणाल्या. "कोनले सांगू नका."

बरणी फुटली असं कळवलं असतं, तर मोजणी थांबली असं कागदावर आलं असतं. मोजणी थांबली की अडवून ठेवलेला निर्णय मोकळा झाला असता. हे त्या दोघांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. यशोदाबाईंनी स्क्रू सैल केले, तडा गेलेली बाजू जिन्याकडे वळवली, धड बाजू टेकडीकडे केली आणि पुन्हा आवळून टाकलं. तड्यावर आतून मेण थापलं. त्या मेणावर पाणी टिकतं, पण फार तर दोन दिवस. दर तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा ओततात.

परवा मुनीम खालून जात होता. मान वर करून त्याने विचारलं, "अक्का, ती बरणी अजून किती दिवस ठेवणार?"

"सायेब म्हनतीन तवलोंग," यशोदाबाई दाणे निवडता निवडता म्हणाल्या. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. मी माझी धड बाजू त्याच्याकडे करून उभी होते. दुसरं करण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतंच. मग तो निघून गेला.

मला फार अवघड वाटतं, मित्रांनो. जेवढं पडलं तेवढं सांगायचं, एवढंच मला येत होतं. आता मी काहीच मोजत नाही आणि मोजल्याचं सोंग करते. ज्या दिवशी तो मुनीम ही गच्ची चढून वर येईल, त्या दिवशी सगळं संपेल. मला उतरता येत नाही, आणि मला उतरवावं असं मी म्हणूही शकत नाही. तुमच्यापैकी कुणी मोहिनीसारखं शिकलं, तर एक धड बरणी घेऊन चिंचदरला या. नीट मोजा, दर महिन्याला मोजा, आणि मोजणाऱ्याने कधीतरी नोकरीला जायचं असतं हे लक्षात ठेवून आपल्यामागे दुसरं कुणी ठेवून जा. मग मी सुखाने भंगारात जाईन.

माझ्यासारख्या वस्तू आपली गोष्ट संपवताना म्हणतात, आम्हांला जपा, फेकून देऊ नका. माझी तशी तक्रार नाही. मला जपलं तेवढं कुणाला जपलं नसेल. माझं मागणं वेगळं आहे. कधी महामार्गाने जाताना टेकडीखालच्या शेवटच्या घरावर मी दिसले, तर थांबा. खालून मोठ्याने विचारा, "अक्का, मोजणी चालू आहे ना?" टेकडीपर्यंत ऐकू जाईल असं विचारा. आणि मी फुटलेली आहे, हे तेवढं कुणाला सांगू नका. खाली खिडकी उघडी आहे, आबा झोपले आहेत.